लेव्हल पाचचा आवाज

स्पीकरमधून माझाच आवाज आला तेव्हा मी खुर्च्या लावत होतो.

हातात एकावर एक चार खुर्च्या. समोर नऊ कोरियन पोरं-पोरी, कॉलेजातली, मान पुढे काढून ऐकत बसलेली. पडद्यावर पाच पायऱ्यांचं चित्र, वरून खाली उतरणारं. पहिल्या पायरीवर लंडनचा माणूस. दुसरीवर अमेरिकन बाई. तिसरीवर दिल्लीची बातम्या देणारी. चौथीवर पुण्याचा इंजिनिअर. आणि अगदी तळाला लेव्हल पाच. तिथे लिहिलं होतं, 'रूरल ट्रायबल मेल', म्हणजे खेड्यातला आदिवासी पुरुष. शेजारी डोक्याला मुंडासं बांधलेल्या माणसाचं कार्टून. मी जन्मात मुंडासं बांधलेलं नाही.

आवाज इंग्रजीत म्हणत होता की माझ्या गावात वीज नाही, पाणी नाही, रस्ता फार लांब आहे, कृपया आम्हाला मदत करा. आमच्या पाड्यात वीज आहे. नळाला पाणी कधी येतं, कधी येत नाही, पण नळ आहे.

मॅडम पोरांना इंग्रजीत म्हणाल्या, "हा माणूस कळला, तर भारतात कुणीही कळेल."

पोरं हसली. वाईट नाही हसली. शिक्षक विनोद करतो तेव्हा हसायचं असतं, तशी हसली. मग एकीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्पीकरकडे पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं. तिचं नाव मिन्जी.

आणि मी? मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं हसलो. खुर्च्या हातातून सुटल्या, त्या आवाजाला वर्ग पुन्हा हसला, आणि मी त्या हसण्यालाही दात दाखवले. ती लाज अजून गेलेली नाही.

मी एम.ए. आहे. इंग्रजीत. बी.एड.सुद्धा. साखरशेतच्या बाजूला आमचा पाडा. मोखाड्याकडे एका शाळेत तासावर शिकवत होतो, तेव्हा कळलं की जव्हारच्या बाहेर एका संस्थेच्या सेंटरवर सहशिक्षक हवाय. कोरियाहून कॉलेजची मुलं सुट्टीत यायची. जानेवारीत सहा आठवडे. सकाळी इंग्रजीचे वर्ग, दुपारी आजूबाजूच्या शाळांत सेवा. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं. माझ्याहून चांगलं यायचं, खोटं कशाला बोलू. पण ऐकायला बसली की दगड. म्हणून खास ऐकण्याचा वर्ग. मॅडम पुण्याहून आलेल्या, तो वर्ग त्यांचा. मी सहशिक्षक. म्हणजे स्पीकर चार्ज करणे, वर्कशीट वाटणे, खुर्च्या लावणे आणि काढणे. नेमणुकीच्या पत्रात मात्र लिहिलं होतं की हा गट गेल्यावर काम पाहून ऐकण्याच्या वर्गाचा शिक्षक म्हणून कायम ठेवू. ते पत्र मी आईला तीनदा वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही म्हणून नव्हे. मला वाचायला आवडायचं म्हणून.

तर वर्ग संपल्यावर मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, मॅडम, तो आवाज माझा आहे. त्या लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाल्या, हो, तुझाच, मस्त आलाय. म्हटलं, पण मला सांगितलं नव्हतं. तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, हे मला मान्य करावं लागेल.

"अरे, वीस मिनिटं समजावून सांगितलं तुला. तू मान डोलावत होतास. येस मॅडम, येस मॅडम. सही पण केलीस."

फाइल काढली. कागद दाखवला. माझा आवाज अवघड उच्चाराचा नमुना म्हणून कुठल्याही वर्गात, कुठल्याही देशात वापरायला माझी हरकत नाही. खाली माझी सही. झोकदार. एम.ए. झाल्यावर सराव करून बसवलेली.

आता माझी चूक सांगतो, कारण ती माझीच आहे. दुसऱ्याची असती तर रंगवून सांगितली असती.

सही केली त्या दिवशी मॅडम भरभर इंग्रजीत बोलत होत्या, आणि मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं. ऐकण्याच्या वर्गाचा सहशिक्षक, आणि अर्धं कळत नाही. मधे एकदा म्हणावं, मॅडम, परत सांगता का. इतकं सोपं. पण तोंडातून येस मॅडम आलं. एकदा आलं की मग थांबता येत नाही. दहाव्या येस मॅडमनंतर माणूस काय विचारणार की पहिल्यापासून सांगा? आवाजाची चाचणी घ्यायची म्हणाल्या असतील, असं धरून मी कागदावरचं वाक्य मायक्रोफोनमध्ये वाचलं. तीनदा वाचलं. जास्त चांगलं यावं म्हणून.

ही सवय आश्रमशाळेतली. सहा वर्षांचा असताना मला मोखाड्याजवळच्या आश्रमशाळेत टाकलं. घरी आमची बोली. गुरुजींची मराठी पुस्तकातली. ते बोलायचे, मग विचारायचे, समजलं का? आणि सगळा वर्ग एका सुरात, होऽऽ. कुणाला काही समजलेलं नसायचं. पण नाही म्हणणाऱ्याला उभं राहावं लागायचं. एकदा गुरुजींनी मला ऑफिसातून काहीतरी आणायला पाठवलं. मी मान डोलावली, धावत गेलो, आणि ऑफिसच्या मागच्या भिंतीला चिकटून उभा राहिलो. काय आणायचं तेच माहीत नव्हतं. घंटा होईपर्यंत उभा होतो. रिकाम्या हातानं परत आलो तेव्हा गुरुजींनी मारलं नाही. वर्गाला म्हणाले, "बघा, यांच्यासाठी सरकार पैसा घालतंय." मारलं असतं तर विसरलो असतो.

सही करणारा हात मोठा झाला होता, एवढंच. मान तीच होती.

आणि तीच मान मला त्या नऊ कोरियन मुलांच्या खांद्यावर दिसत होती. मॅडम ऑडिओ लावायच्या. मग विचारायच्या, क्लिअर? नऊ माना एकदम खाली-वर. मग वर्कशीट गोळा केली की निम्म्या जागा कोऱ्या. मॅडम वैतागायच्या, म्हणायच्या, ही मुलं लाजाळू आहेत, बोलतच नाहीत. दुसऱ्या दिवशी तोच ऑडिओ, आवाज वाढवून.

मी मिन्जीला विचारलं, नाही कळलं तर सांगत का नाहीस. तिनं फोनवर कोरियन टाइप केलं, त्याचं इंग्रजी करून दाखवलं. शिक्षकाला कळलं नाही म्हणणं म्हणजे त्यांनी नीट शिकवलं नाही म्हणण्यासारखं. तसं मोठ्यांना कसं म्हणायचं? मी व्हरांड्याच्या पायरीवर बसूनच घेतलं. इतक्या लांबून ही पोर आली, आणि बसली कुठे, तर माझ्या बाकावर.

मग मला आमचं शेत आठवलं.

आमची नागलीची शेतं डोंगराच्या उतारावर. बाप एका अंगाला, आई दुसऱ्या अंगाला, मधे घळ. कामाचं काही सांगायचं तर हाक मारून. पण हाक ऐकणाऱ्यानं 'हो' म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. हो म्हटलं की आई चिडायची. काय ऐकलं ते परत ओरडून सांगायचं. कोयता वडाखाली ठेवलाय, घेऊन ये, अशी हाक आली तर आपण ओरडायचं, कोयता वडाखाली, आणतो. चुकलं असेल तर पलीकडून पुन्हा हाक. बरोबर असेल तर पलीकडून फक्त कूऽऽ. मग पाय उचलायचा. घळीपलीकडून मान दिसत नाही ना. डोलावून उपयोग काय?

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, ट्राय कर, पण माझ्या वेळेत नाही. म्हणून संध्याकाळचे चार, चहानंतर.

सेंटरच्या मागे कापणी झालेली भाताची खाचरं होती, उतरती. वरच्या बांधावर एक जण, हातात माझ्या हस्ताक्षरातली इंग्रजी वाक्यं. पाच खाचरं खाली दुसरा, त्याच्यापुढे सूप, मडकं, दगड, पेंढ्याची दोरी. वरच्यानं हाक द्यायची, तीन दगड सुपात ठेव, मडकं पालथं घाल. खालच्यानं ते परत ओरडल्याशिवाय वस्तूला हात लावायचा नाही. मान डोलावणारा बाद. नियम एवढाच.

पहिली हाक द्यायला मी त्यांच्यातल्या दोंगसूला उभं केलं. तो लष्करातली सक्तीची नोकरी करून आलेला. छाती भरून घेतली आणि असा काही ओरडला की बांधावरचे बगळे उडाले. खालून मिन्जी जिवाच्या आकांतानं परत ओरडली. मी खूश. आणि मग पलीकडच्या पाड्यातून माणसं धावत येताना दिसली. पंधरा-वीस. काठ्या, कोयते. एकाच्या हातात पत्र्याचा डबा, वाजवत.

त्या आठवड्यात पाड्याजवळ बिबट्या दिसला होता. संध्याकाळच्या वेळी त्या बाजूनं बाईमाणसाची तशी किंकाळी आली, तर लोक काय समजतील? मला हे माहीत होतं. आदल्या दिवशीच ऐकलं होतं. ऐकण्याच्या वर्गाचा सहशिक्षक.

सगळ्यांत पुढे काळूबाय होती. सत्तरीची असेल, नात्यानं माझ्या आईची मावशी. धापा टाकत बांधावर आली, सुपाकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कोठं हाय बिबट्या?"

म्हटलं, बिबट्या नाही आजी, इंग्रजी शिकवतोय.

"मंग वरडाया का लावलंस? लोकांचं काम सोडवलंस ना, मेल्या."

शिव्या देऊन झाल्यावर मात्र ती गेली नाही. काठी टेकून बांधावर बसली. बाकीचेही बसले. खेळ पुढे चालू झाला. दोंगसूनं हाक दिली, खालून दुसऱ्या मुलानं परत दिली, मी कूऽऽ म्हणायला तोंड उघडलं, तोच काळूबायनं काठी आपटली.

"वरून गेला तो येगळा, खालून आला तो येगळा. पुन्ना वरड."

तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. मी कागद पाहिला. खालच्यानं खरंच एक दगड कमी सांगितला होता. मला ते ऐकूच आलं नव्हतं.

पुढचे बारा दिवस काळूबाय रोज चारला येऊन बसायची. पोरं तिला घाबरायची आणि तिच्याचसाठी नीट ऐकायची. तिसऱ्या दिवशी मिन्जीनं खालून पहिल्यांदा ओरडून विचारलं, परत सांगा, कळलं नाही. ती तसं म्हणाली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मॅडमच्या पुढच्या चाचणीत नवांपैकी सात जणांच्या वर्कशीट पूर्ण भरल्या होत्या. मॅडम व्हरांड्यात उभ्या राहून मोबाइलवर शूटिंग करायच्या. मला वाटलं, माझं काम पाहताहेत. पत्रात होतंच तसं, काम पाहून.

शेवटच्या आठवड्यात पाहुणे आले. मुंबईहून संस्थेचे तीन, कोरियाच्या कॉलेजचे दोन प्राध्यापक. हॉल झाडला, सतरंजी घातली, स्पीकर चार्ज केला. सगळं मीच. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आई म्हणाली होती, आज तुला शिक्षक करतील.

पडद्यावर आमचं खाचर आलं. दोंगसू ओरडतोय, मिन्जी ओरडतेय, काळूबाय काठी आपटतेय. मी कुठे नव्हतो. मी उभा असायचो तो कोपरा चौकटीत येतच नव्हता. वर नाव लिहिलं होतं, सेंटरनं विकसित केलेली अभिनव श्रवणपद्धती. मॅडम इंग्रजीत सांगत होत्या की ही कल्पना त्यांना इथला निसर्ग पाहून सुचली. पाहुणे वहीत लिहून घेत होते.

पुढची स्लाइड. पाच पायऱ्या.

मॅडमनी मला हात करून पुढे बोलावलं. पाहुण्यांना म्हणाल्या, "आणि हा आमचा लेव्हल पाच. आज प्रत्यक्ष." माझ्या हातात कार्ड दिलं. तेच वाक्य. वीज नाही, पाणी नाही, मदत करा. हळूच मराठीत म्हणाल्या, वाच, आणि झालं की चहाचं बघ.

मी कार्ड हातात घेतलं. घेतलं, हे सांगायला हवं. मान डोलायलाही लागली होती. मानेचे स्नायू हलताना मला जाणवले. मी ती धरून ठेवली. जत्रेत पोराचा हात धरतो तशी, घट्ट.

"मॅडम, मी हे वाचणार नाही."

मराठीत म्हटलं. त्या हसतच होत्या, पाहुण्यांकडे पाहत. ओठ न हलवता म्हणाल्या, "नाटकं करू नकोस. सही केलीयेस तू."

"केली. न ऐकता केली. आता ऐकून सांगतोय, नाही."

मग मी पाहुण्यांकडे वळलो. इंग्रजी बोललो. एक क्रियापद चुकलं, ते मी तिथेच सुधारलं. म्हटलं, मी लेव्हल नाही. या मुलांच्या ऐकण्याच्या वर्गाचा मी शिक्षक आहे. तुम्ही आत्ता पाहिलंत ते मी शिकवलंय, आणि ते माझ्या आईबापाच्या शेतातलं आहे. या कार्डावर लिहिलंय ते खोटं आहे.

मुंबईच्या एका पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, हीसुद्धा एक अॅक्टिव्हिटी आहे. वर्गात बोलून दाखवायची. बाकीच्यांनीही वाजवल्या.

मॅडमना तेवढी फट पुरली. त्यांनी लॅपटॉपचं बटण दाबलं. स्पीकरमधून माझा आवाज सुरू झाला. इन माय व्हिलेज. मी तोंड मिटून उभा, आणि माझा आवाज भीक मागतोय. सकाळी मीच पूर्ण चार्ज केलेल्या स्पीकरमधून. पाहुणे एकदा माझ्याकडे पाहत, एकदा स्पीकरकडे. मुलांच्या पुढे वर्कशीट होत्या आणि त्यांची पेनं चालली होती. दोंगसू लिहीत होता. मिन्जी लिहीत होती. लिहिताना तिनं मान वर केली नाही. मी तिला दोष देत नाही. मी त्या बाकावर खूप वर्षं बसलोय.

मी चार पावलं गेलो आणि स्पीकर बंद केला. तो उचलला, टेबलावर उलटा ठेवला. कार्ड त्याच्यावर ठेवलं. आणि हॉलच्या दारातून बाहेर पडलो. चहा कुणी दिला, मला माहीत नाही.

काळूबाय बांधावर बसली होती, चार वाजायची वाट बघत. तिला म्हटलं, आजी, आज शाळा नाही. ती म्हणाली, उद्या? मी म्हटलं, उद्याही नाही. ती काठी उचलून गेली.

संस्थेचं पत्र आलं. पाहुण्यांसमोर बेशिस्त वर्तन, करार समाप्त. कायम करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असंही एक वाक्य. ते पत्र मी आईला एकदाच वाचून दाखवलं. तिनं विचारलं, मग आवाज परत दिला का? मी म्हटलं, नाही.

नाही दिला. मी लेखी कळवलं की माझी संमती मी मागे घेतोय. उत्तर आलं की ती फाइल आता अनेक ठिकाणच्या अभ्यासक्रमात गेली आहे, तांत्रिक अडचण आहे. म्हणजे या क्षणी कुठेतरी कुणीतरी कानाला हेडफोन लावून मला ऐकतंय. माझ्या गावात वीज नाही, यावर बरोबरची खूण करतंय. माझी सही त्याखाली आहे. ती नाकारणार नाही. माझ्याच हातानं केलेली आहे.

पण जुलैत नवा गट येणार आहे. ऐकण्याच्या वर्गासाठी शिक्षक पाहिजे, अशी जाहिरात जव्हारच्या डेपोशेजारी चिकटवलीय. मी अर्ज दिलाय. टपालानं नाही, हातानं, आणि पोच घेतलीय. सेंटरच्या क्लार्कनं मला ओळखलं. म्हणाला, दादा, कशाला परत, मुलाखतीला मॅडमच बसणार आहेत.

माहीत आहे. त्यांच्यासाठीच जाणार आहे.

इस्त्रीचा शर्ट नाही घालणार. खुर्ची दिली नाही तर मागून घेणार. त्या इंग्रजीत विचारतील. कळलं नाही तर पुन्हा विचारायला लावीन. तीनदा लावीन, दहादा लावीन. आणि माझी पाळी आली की त्यांच्या टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवीन. आधी ती फाइल पुसा, माझ्यासमोर. मग मला विचारा मी कसा शिकवतो. नाही पुसली तर पुढचा अर्ज. नोकरीचा नाही, तक्रारीचा. तो लिहून तयार आहे.